पापणी लवकर का उघडली? स्टॅनली कोहेन, ईजीएफ आणि कर्करोगाचा रिसेप्टर

शरीरातली निरोगी पेशी सहसा स्वतःच्या मनानं विभागत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो. जखम झाली की भोवतालच्या त्वचेच्या पेशींना वाढीचा निरोप मिळतो, जखम भरत आली की निरोप थांबतो आणि पेशीही थांबतात. हा निरोप म्हणजे बहुतेक वेळा एखादं लहानसं प्रथिन असतं. पेशीच्या आवरणात दुसरं, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं प्रथिन रोवलेलं असतं. त्याचा एक भाग आवरणाबाहेर, एक भाग आत. लहान प्रथिन बाहेरच्या भागाला येऊन चिकटतं आणि आतल्या भागात हालचाल सुरू होते. या मोठ्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. निरोप आलेला नसताना रिसेप्टर 'आला, आला' असं सांगत राहिला तर पेशी विभागतच राहते. अनेक कर्करोगांच्या मुळाशी हीच गडबड असते.

वरचा परिच्छेद आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. १९५० साली त्यातलं जवळजवळ काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. पेशींना वाढायला लावणारे पदार्थ असतात का, असले तर ते कुठे चिकटतात, चिकटल्यावर आत काय होतं, याचा पत्ता नव्हता. हे कोडं सोडवण्यात अनेकांचा वाटा आहे, पण त्याची पहिली गाठ ज्यांनी सोडवली ते स्टॅनली कोहेन. मला त्यांच्या कामाबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं ते एका कारणासाठी. त्यांनी कर्करोगाचा माग काढायला सुरुवात केलीच नव्हती. त्यांनी एका प्रथिनाला धरलं आणि ते प्रथिन पुढचा जो प्रश्न समोर ठेवेल त्याच्या मागे ते जात राहिले. त्या वाटेवर कर्करोग त्यांना आडवा आला.

कोहेन यांचा जन्म १९२२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित, वडील शिंपीकाम करत. लहानपणी पोलिओ झाला आणि चालण्यातला अधूपणा आयुष्यभर राहिला. घरची परिस्थिती बेताची, पण ब्रुकलिन कॉलेजात तेव्हा फी नव्हती. चांगले गुण असले की प्रवेश मिळे. तिथे त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही घेतलं. ही जोडी पुढे फार कामाला आली. जिवंत प्राण्यात काय घडतंय हे पाहणारा डोळा आणि त्यामागचा रेणू वेगळा काढणारा हात, असे दोन्ही गुण एकाच माणसात त्या काळी क्वचित असत.

१९४८ साली मिशिगन विद्यापीठात त्यांची पीएच.डी. झाली ती गांडुळांवर. उपाशी ठेवलेलं गांडूळ शरीरातला नायट्रोजन अमोनियाऐवजी युरियाच्या रूपात बाहेर टाकू लागतं, ते कसं, असा विषय होता. त्यासाठी रात्री विद्यापीठाच्या हिरवळीवर जाऊन त्यांनी ५,००० हून अधिक गांडुळं गोळा केली. हा तपशील गमतीचा वाटेल, पण पुढे त्यांना हजारो उंदरांच्या ग्रंथींमधून चिमूटभर पदार्थ काढायचा होता. ज्याला हे कंटाळवाणं वाटलं असतं त्याच्या हाती ईजीएफ, म्हणजे पुढे त्यांना सापडलेलं वाढीचं प्रथिन, लागलंच नसतं.

काही वर्षं डेन्व्हरला काढून ते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले. तिथे व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या विभागात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी काम करत होत्या. इटलीहून आलेल्या या चेतासंस्थेच्या अभ्यासक बाईंच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली होती. उंदराच्या एका विशिष्ट गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भाजवळ ठेवला की गर्भातल्या चेतापेशींना भराभर तंतू फुटत. काचेवर वाढवलेल्या चेतापेशींच्या पुंजक्याशेजारी ती गाठ ठेवली, तर काही तासांत पुंजक्याभोवती तंतूंचं दाट वलय उभं राही. गाठीतून काहीतरी झिरपत होतं, हे उघड होतं. ते काय, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ हवा होता. १९५३ मध्ये कोहेन यांनी ते काम हाती घेतलं.

पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल (डीएनए, आरएनए यांसारखं), हे ठरवण्यासाठी त्यांनी गाठीच्या अर्कात थोडं सापाचं विष घातलं. विषात न्यूक्लिइक आम्ल तोडणारे एन्झाइम असतात. परिणाम नाहीसा झाला तर पदार्थ न्यूक्लिइक आम्ल ठरला असता. झालं उलटंच. तंतूंचं वलय आणखी दाट झालं. मग त्यांनी गाठीचा अर्क वगळून नुसतं विष घालून पाहिलं, तर तेही तेच काम करत होतं, आणि गाठीपेक्षा कित्येक पटींनी जोरात. चेतातंतू वाढवणारा पदार्थ सापाच्या विषातच होता. इथे त्यांच्यातला जीवशास्त्रज्ञ जागा झाला. सापाची विषग्रंथी हे लाळग्रंथीचंच एक रूप. मग उंदराच्या लाळग्रंथीत काय असेल? त्यांनी नर उंदरांच्या जबड्याखालच्या लाळग्रंथी काढून अर्क केला, आणि तो पदार्थ तिथे भरपूर सापडला. याला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ, असं नाव मिळालं.

एवढ्यावरही कारकीर्द सार्थ झाली असती. पण कोहेन लाळग्रंथीचा कच्चा अर्क नवजात पिल्लांना टोचून पाहत होते, आणि त्यांना पिल्लांमध्ये काहीतरी वेगळं दिसलं. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. पापण्या साधारण तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. टोचलेल्या पिल्लांच्या पापण्या सातव्या दिवशीच उघडल्या होत्या. समोरचे दातही लवकर वर आले होते. शुद्ध केलेलं एनजीएफ टोचलं तर असं होत नव्हतं, म्हणजे अर्कात आणखी काहीतरी होतं. चेतासंस्थेवर काम चाललेल्या प्रयोगशाळेत पापण्यांचं निरीक्षण वहीच्या कडेला लिहून विसरून जाणं अगदी सहज घडलं असतं. कोहेन यांनी तोच आपला विषय केला.

सेंट लुइसला त्यांच्यासाठी कायमची जागा नव्हती. प्राणिशास्त्राच्या विभागात जीवरसायनवाल्याला किती दिवस ठेवणार, असा प्रश्न होता. १९५९ मध्ये ते टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि उरलेली सगळी कारकीर्द तिथेच काढली. जाताना पापण्यांचं कोडं सोबत नेलं.

या टप्प्याचं काम किती चिकाटीचं असतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. लाळग्रंथीच्या अर्कात शेकडो प्रथिनं असतात. त्यातलं हवं ते वेगळं काढायचं, तर अर्क निरनिराळ्या पद्धतींनी भागांत विभागायचा आणि दर वेळी विचारायचं, 'तुझ्यात तो पदार्थ आहे का?' हे विचारायचं साधन म्हणजे नवजात पिल्लांच्या पापण्या. प्रत्येक भाग वेगवेगळ्या पिल्लांना रोज टोचायचा, त्याच वेतातली काही पिल्लं तुलनेसाठी न टोचता ठेवायची, आणि डोळे कधी उघडतात याची वाट पाहत बसायचं. एका प्रश्नाचं उत्तर यायला आठवडा जायचा. उत्तर 'नाही' आलं तर दुसरा भाग, नवी पिल्लं, आणखी एक आठवडा. अशा रीतीनं १९६२ मध्ये त्यांनी ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढल्याचं जाहीर केलं. पापण्यांच्या आणि त्वचेच्या पातळ कापांमध्ये दिसलं, की त्वचेचा बाहेरचा थर, एपिडर्मिस, जाड झालेला आहे आणि लवकर पक्व झालेला आहे. पापणी उघडणं हा त्याचाच परिणाम होता. म्हणून नाव ठरलं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ.

१९७२ मध्ये त्यांच्या गटानं या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम लावला. सगळी मिळून ५३, आणि तीन ठिकाणी गंधकाच्या जोडण्यांनी आवळलेली. इतकं लहान आणि घट्ट असल्यामुळेच ते सहज मोडत नाही. १९७५ मध्ये माणसाच्या मूत्रातून मानवी ईजीएफ मिळालं. त्याच वर्षी दुसऱ्याच विषयावर काम करणाऱ्या संशोधकांना एक धक्का बसला. जठरातलं आम्ल कमी करणारा युरोगॅस्ट्रोन नावाचा पदार्थ मूत्रातून काढून त्यांनी त्याचा क्रम लावला होता. त्यातली ५३ पैकी ३७ अमिनो आम्लं उंदराच्या ईजीएफशी जुळत होती. युरोगॅस्ट्रोन म्हणजे माणसाचं ईजीएफच होतं. उंदराच्या पापणीपासून निघालेली गोष्ट माणसाच्या शरीरात येऊन पोचली होती.

चिकटतं कुठे?

आता रिसेप्टरचा प्रश्न. ईजीएफ पेशीच्या बाहेर असतं आणि परिणाम पेशीच्या आत, थेट केंद्रकात दिसतो. मधलं अंतर कोण पार करतं? कोहेन आणि त्यांचे सहकारी ग्रॅहम कार्पेंटर यांनी ईजीएफला किरणोत्सारी आयोडीन जोडलं. असं ईजीएफ कुठे जातं हे किरणांच्या मोजणीवरून कळतं. पेशींवर ते टाकलं तर ते ठरावीक जागांवरच चिकटत होतं, आणि सगळ्या जागा भरल्या की आणखी चिकटत नव्हतं. म्हणजे जागा मोजक्या होत्या आणि खास ईजीएफसाठीच होत्या.

पण त्याहून मोलाची गोष्ट पुढे दिसली. थंडीत चिकटलेलं ईजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरच राही. तापमान ३७ अंशांवर आणलं की थोड्याच वेळात ते आत ओढलं जाई आणि तुकडे होऊन बाहेर पडे. त्याचबरोबर पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागाही कमी होत. पेशी निरोप घेऊन आलेल्या प्रथिनाला रिसेप्टरसकट गिळत होती. १९७६ मध्ये त्यांनी हे मांडलं. निरोप थांबवण्याची पेशीची ही एक मुख्य युक्ती आहे: निरोप ऐकून झाला की ऐकणारा कानच काही काळ आत घ्यायचा. कर्करोगात बिघडणाऱ्या गोष्टींमध्ये हीसुद्धा एक असते. पेशीला रिसेप्टर आत घेऊन मोडता आला नाही, तर तो पृष्ठभागावर निरोप देत राहतो. रिसेप्टरबद्दलच्या सोप्या लेखांत हा भाग बहुधा गळतो, आणि तो गळू नये असं मला फार वाटतं. कारण 'चालू' होण्याइतकंच 'बंद' होणं महत्त्वाचं असतं.

रिसेप्टरवर नीट काम करायचं तर तो भरपूर मिळायला हवा. इथे ए४३१ नावाच्या पेशी कामी आल्या. एका ८५ वर्षांच्या स्त्रीच्या गाठीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशींवर ईजीएफचे रिसेप्टर प्रचंड संख्येनं असतात, एकेका पेशीवर वीस ते तीस लाख. साध्या पेशींवरच्या संख्येच्या हे अनेक पट आहे. कोहेन यांच्यासाठी ए४३१ म्हणजे कच्च्या मालाचा साठा होता. एका कर्करोगाच्या पेशीवर ईजीएफचे रिसेप्टर इतके का आहेत, हा प्रश्न त्या पेशीतच दडलेला होता. त्याचं उत्तर पुढे मिळालं: त्या पेशींत या रिसेप्टरच्या जनुकाच्याच अनेक प्रती झालेल्या आहेत.

१९७८ मधला प्रयोग या सगळ्या कारकिर्दीतला मला सर्वांत सुंदर वाटतो, कारण तो इतका साधा आहे. ए४३१ पेशी फोडून त्यांच्या आवरणाचे तुकडे घ्यायचे. जिवंत पेशी नाही, केंद्रक नाही, फक्त आवरण. दोन नळ्या. दोन्हींत किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं एटीपी घालायचं. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, आणि त्यातला फॉस्फेट गट तोडून प्रथिनांवर बसवता येतो. एका नळीत ईजीएफ घालायचं, दुसरीत नाही. काही मिनिटांनी प्रथिनं आकारानुसार वेगळी करून क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवायची. ज्या प्रथिनावर फॉस्फेट बसला असेल तिथे काळी पट्टी उमटते. ईजीएफ घातलेल्या नळीच्या पट्ट्या स्पष्टपणे गडद होत्या, आणि सर्वांत ठळक पट्टी होती ती १,७०,००० च्या आसपास रेणुभार असलेल्या प्रथिनाची. म्हणजे खुद्द रिसेप्टरची.

ईजीएफ चिकटल्यावर कोणतं तरी एन्झाइम जागं होतं आणि फॉस्फेट बसवू लागतं, एवढं नक्की झालं. पण ते एन्झाइम कोण? आवरणात रिसेप्टरशेजारी बसलेलं दुसरं एखादं प्रथिन असेल, असं मानणं तेव्हा स्वाभाविक होतं. कोहेन यांनी बारीक मण्यांना ईजीएफ जोडून त्यांचा स्तंभ केला आणि विरघळवलेलं आवरण त्यातून सोडलं. रिसेप्टर मण्यांना चिकटून राहिला, बाकी सगळं वाहून गेलं. मग रिसेप्टर सोडवून घेतला तर फॉस्फेट बसवण्याची क्रिया त्याच्यासोबतच आली. किती धुतलं तरी दोन्ही वेगळे होईनात. पुढे एटीपीसारखा दिसणारा, पण चिकटून बसणारा एक रेणू वापरला तर तोही त्याच १,७०,००० वाल्या प्रथिनावर जाऊन बसला. ईजीएफ पकडणारा आणि फॉस्फेट बसवणारा एकच रेणू होता. बाहेरचं टोक ऐकतं आणि आतलं टोक काम करतं.

टायरोसिन आणि विषाणू

फॉस्फेट प्रथिनातल्या कुठल्या अमिनो आम्लावर बसतो, हे वरकरणी किरकोळ वाटेल. तोवर मुख्यतः दोनच जागा माहीत होत्या, सेरीन आणि थ्रिओनीन. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांना तिसरी जागा सापडली, टायरोसिन. ती सापडायला एक जुनं द्रावण कारण ठरलं. पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे त्याचा पीएच १.९ ऐवजी १.७ झाला होता, आणि त्या किंचित फरकामुळे एरवी एकमेकांत मिसळून दिसणारे थ्रिओनीन आणि टायरोसिनचे ठिपके वेगळे पडले. निरोगी पेशीत टायरोसिनवरचा फॉस्फेट अत्यंत दुर्मिळ असतो, एकूण प्रथिनांवरच्या फॉस्फेटच्या ०.०३ टक्क्यांच्या घरात. कोंबड्यांमध्ये गाठी निर्माण करणाऱ्या राउस सार्कोमा विषाणूचं सार्क हे प्रथिन नेमकं टायरोसिनवरच फॉस्फेट बसवतं, आणि अशा पेशींत हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं.

१९८० मध्ये कोहेन आणि त्यांचे सहकारी उशिरो यांनी आपला रिसेप्टर कुठे फॉस्फेट बसवतो ते तपासलं. टायरोसिन. शरीराच्या रोजच्या वाढीचा रिसेप्टर आणि कर्करोग घडवणारं विषाणूचं प्रथिन एकच रासायनिक क्रिया करत होते. पेशीला वाढीचा आदेश देण्याची भाषा हीच आहे आणि विषाणूनं तीच उचलली आहे, असा संशय आता घट्ट झाला.

पुरावा मिळाला १९८४ मध्ये. लंडनच्या इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटानं, इतर प्रयोगशाळांच्या साथीनं, ए४३१ पेशी आणि मानवी वार (प्लॅसेंटा) यांतून ईजीएफचा रिसेप्टर शुद्ध केला, त्याच्या तुकड्यांचे क्रम काढले आणि ते संगणकावर आधी माहीत असलेल्या क्रमांशी ताडून पाहिले. तुकडे जुळले ते कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या व्ही-एर्बबी या जनुकाशी. विषाणूनं कधीकाळी कोंबडीच्या पेशीतलं या रिसेप्टरचं जनुक उचललं होतं, पण अर्धवट. बाहेरचा, ईजीएफ पकडणारा भाग जवळपास सगळा गळालेला आणि आतला फॉस्फेट बसवणारा भाग शाबूत. दारात कोणी नसताना घंटेचं बटण अडकून बसावं आणि घंटा वाजत राहावी, तसं काहीसं. पेशीच्या स्वतःच्या जनुकांमधूनच कर्करोग घडतो, हे तोवर इतर पुराव्यांवरून मान्य होत आलं होतं. इथे मात्र ते जनुक नेमकं काय करतं आणि कुठला तुकडा गेल्यामुळे बिघडतं, हेही एकाच झटक्यात समजलं.

त्याच वर्षी ॲक्सेल उलरिख यांच्या गटानं मानवी रिसेप्टरच्या जनुकाचा संपूर्ण क्रम जाहीर केला. १९८६ मध्ये कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांना वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं. कोहेन १९९९ च्या सुमारास निवृत्त झाले आणि २०२० च्या फेब्रुवारीत, ९७ व्या वर्षी, नॅशव्हिलमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांनी मोठा गट कधी उभारला नाही. प्रयोगाच्या टेबलाशी स्वतः उभं राहून काम करण्याची त्यांची ख्याती होती.

मग औषधं कशी आली?

रिसेप्टर कसा चालू होतो, हे १९८७ नंतर आणखी स्पष्ट झालं. ईजीएफ चिकटलं की दोन रिसेप्टर जवळ येऊन जोडी करतात. जोडीतला एक दुसऱ्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट बसवतो. त्या फॉस्फेटला पेशीतली पुढची प्रथिनं येऊन चिकटतात आणि निरोप रास नावाच्या प्रथिनामार्फत साखळीनं केंद्रकापर्यंत जातो. २००२-०३ च्या सुमारास या रेणूचा आकार क्ष-किरणांनी दिसला तेव्हा कळलं की एरवी रिसेप्टर स्वतःचा जोडी करणारा हात दुमडून ठेवतो. ईजीएफ आलं की तो हात उघडतो.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की औषधं कुठे अडवतात ते आपोआप कळतं. एक, बाहेर: ईजीएफ बसायची जागाच झाकायची. जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सातो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा विचार मांडला आणि रिसेप्टरविरुद्ध उंदराची प्रतिपिंडं तयार केली. त्यातलं २२५ क्रमांकाचं प्रतिपिंड बदलून सेटक्सिमॅब झालं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. दोन, आत: जिथे एटीपी बसतं त्या खाचेत लहान रेणू अडकवायचा, म्हणजे फॉस्फेट बसणार नाही. गेफिटिनिब, एर्लोटिनिब ही अशी गोळ्यांच्या रूपातली औषधं.

या रिसेप्टरच्या कुटुंबात चार सदस्य आहेत. दुसरा हर२, तो उलरिख यांच्याच गटानं १९८५ मध्ये वेगळा काढला. त्याचा हात कायम उघडाच असतो आणि त्याला चिकटणारा स्वतःचा असा निरोप्या सापडलेला नाही, म्हणून त्याची संख्या वाढणंच धोक्याचं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी दाखवलं की स्तनांच्या कर्करोगाच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के गाठींमध्ये हर२ जनुकाच्या जास्त प्रती असतात आणि अशा गाठी जास्त आक्रमक असतात. त्यावरचं प्रतिपिंड ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये मान्य झालं. पसरलेल्या आजाराच्या मूळ चाचणीत केमोथेरपीला ते जोडल्यावर आयुर्मानाचा मध्यक २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेला. आजार पसरण्याआधीच शस्त्रक्रियेनंतर ते दिल्यावर उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, हे २००५ मध्ये जाहीर झालं.

स्तनांच्या कर्करोगाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर हर२ पुढे ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं, ते याच रिसेप्टरबद्दल. पेशींच्या कडा किती गडद रंगल्या, यावरून हा आकडा देतात. ३+ म्हणजे हर२ पॉझिटिव्ह. २+ ला निर्णय लागत नाही, तेव्हा जनुकाच्या प्रती मोजणारी फिश नावाची चाचणी करतात. रिपोर्टवर २+ असेल आणि फिशचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

फुफ्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. २००३ च्या सुमारास गेफिटिनिब दिलेल्या रुग्णांपैकी अमेरिकेत साधारण दहातल्या एकाला गुण येई, पण तो असा, की काही आठवड्यांत गाठी वितळल्यासारख्या कमी होत. बाकीच्यांना काहीच नाही. २००४ मध्ये बोस्टनमधल्या दोन गटांनी कारण शोधलं. गुण आलेल्यांच्या गाठींत रिसेप्टरच्या आतल्या भागातच बदल झालेला होता. बहुधा जनुकाच्या एकोणिसाव्या खंडातला तुकडा गळालेला, किंवा ८५८ व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन आलेलं. असा बदललेला रिसेप्टर ईजीएफ नसतानाही चालू राहतो, आणि ती पेशी जगण्यासाठी पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असते. २००९ च्या एका मोठ्या चाचणीनं हे पक्कं केलं: बदल असलेल्यांना गेफिटिनिबचा केमोथेरपीपेक्षा जास्त फायदा, बदल नसलेल्यांना उलट तोटा. मोठ्या आतड्यातही असाच धडा मिळाला. रिसेप्टरच्या पुढच्या साखळीतलं केआरएएस जनुक बिघडलेलं असेल, आणि ते सुमारे ४० टक्के रुग्णांत असतं, तर वर सेटक्सिमॅबनं रिसेप्टर झाकून काहीच उपयोग होत नाही. निरोप त्याच्या खालूनच सुरू झालेला असतो. म्हणून औषधाआधी जनुकांची चाचणी करतात.

या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम म्हणजे चेहऱ्यावर आणि छातीवर येणारी मुरुमांसारखी पुरळ. काही रुग्णांच्या पापण्यांचे केसही लांब आणि वाकडे वाढतात. औषध गाठीतला रिसेप्टर आणि त्वचेतला रिसेप्टर यांत भेद करत नाही, आणि त्वचेला रोजच्या डागडुजीसाठी ईजीएफचा निरोप लागतो. पुरळ आली म्हणून रुग्ण घाबरून गोळी बंद करतात, तसं परस्पर करू नये. पुरळीवर उपचार असतात, आणि बऱ्याच अभ्यासांत पुरळ येणाऱ्यांना औषधाचा गुणही अधिक आलेला दिसला आहे.

औषध कायम चालत नाही, हे मात्र खरं. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब साधारण वर्षभरानं निष्प्रभ होऊ लागतं. निम्म्याहून अधिक वेळा कारण एकच सापडतं: ७९० व्या जागी थ्रिओनीनऐवजी मेथिओनीन, म्हणजे टी७९०एम. त्यावर मात करणारं ओसिमर्टिनिब २०१५ मध्ये आलं. ते ७९७ व्या जागच्या सिस्टीनला रासायनिक बंधानं घट्ट चिकटतं. मग काही गाठी नेमकं तेच सिस्टीन बदलून तिथे सेरीन आणतात, आणि औषधाला धरायला जागा उरत नाही. म्हणून आजार पुन्हा वाढला की गाठीचा नवा तुकडा किंवा रक्तात फिरणारे गाठीचे डीएनए तपासून रिसेप्टरमध्ये या वेळी कुठलं अक्षर बदललं ते पाहतात, आणि पुढचं औषध त्यावरून ठरवतात. ७९७ वरच्या सेरीनला न जुमानणारे रेणू सध्या रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये आहेत.